माझ्या सातव्या प्रकरणातलं अर्धं ताट

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे, आणि तेही खुनाचं. आता लगेच अंग चोरून बसू नका. खून माझ्या पोटात आहे, हातात नाही. हात मला नाहीतच. जळगावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात खिडकीजवळच्या कपाटात माझा मुक्काम असतो. माझी शेजारीण म्हणजे एक लठ्ठ कादंबरी. ती कशी पाठ टेकून स्वस्थ पडलेली असते. मला मेल्याला स्वस्थता म्हणून नाही. कपाटाचं दार कुरकुरलं की वाटतं, आलं कोणीतरी, आता पुन्हा तेच प्रकरण उघडणार. ही चुळबूळ मला कशी लागली आणि अलीकडे ती थोडी कमी कशी झाली, ते सांगायला बसलो आहे.

माझा जन्म धुळ्याच्या एका छापखान्यात झाला. दिवस उन्हाळ्याचे. पंखा लावला तर माझी सुटी पानं उडायची, बंद केला तर माणसं घामाने निथळायची. म्हणून कामगार घटकाभर लावत, घटकाभर बंद करत आणि तेवढ्यात मला जुळवत. बांधणी करणारे चिंधानाना माझ्या पाठीला खळ लावता लावता म्हणाले, "मजबूत शे, टिकी." त्यांचा शब्द खरा ठरला. टिकलो खरा. कधीकधी वाटायचं, नसतो टिकलो तर बरं झालं असतं.

माझं नाव 'भरलेला माठ'. मुखपृष्ठावर लालभडक माठ आणि माठावर गोल काहीतरी. चित्रकार पुण्याचा होता. लेखकांनी त्याला सांगितलं होतं खरबूज काढायला, पण त्या भल्या माणसाने ते असं काढलं की बघणाऱ्याला मुंडकंच वाटावं. त्या मुंडक्यापायी माझा खप झाला, हे खोटं कशाला बोलू.

आता माझ्या पोटातली गोष्ट. भडगावकडच्या, गिरणेच्या काठच्या एका लहानशा गावात प्रेमराज नावाचा शेतकरी राहायचा. बांधावरून त्याचं आणि चुलतभाऊ मगनचं भांडण होतं. एका हिवाळ्यात प्रेमराज बाजार करून घरी परतत होता, तेव्हा मगनने त्याला वाटेत गाठलं आणि मारून टाकलं. मग स्वतःच पोलिसांत जाऊन उभा राहिला. पुढे कोर्टाने त्याला जन्मठेप दिली. झालं, संपलं. पण एवढ्यावर पुस्तक होत नाही ना. खटला चालू असतानाच आमचे लेखक पुण्याहून आले, गावात फिरले, चार जणांशी बोलले आणि त्यांच्या डोक्यात एक प्रश्न शिरला. हात मगनचा, पण डोकं कोणाचं? चोर हाताशी असताना संन्याशाला सुळावर द्यायची माणसाला भारी हौस. लेखकांनी उत्तर दिलं ते माझ्या सातव्या प्रकरणात. स्पष्ट आरोप कुठे नाही, पण आंधळ्यालाही दिसावं असं लिहिलं. त्यांचा रोख होता प्रेमराजच्या बायकोवर, भिकुबाईवर.

सातव्या प्रकरणात असं आहे. उन्हाळ्यातल्या एका दुपारी लेखक भिकुबाईच्या दारात जातात. नवऱ्याला जाऊन वर्षही झालेलं नाही, आणि घरातून पुरणाचा वास येतो आहे. ओसरीवर नवाकोरा लाल माठ भरून ठेवला आहे, त्यावर खरबूज आणि दोन करंज्या. बाहेर कडुनिंबाला झोका बांधलेला, झोक्यावर पोरीबाळींची गाणी, आणि त्यात या घरची चार वर्षांची पोरही खिदळते आहे. भिकुबाई या अनोळखी पुरुषाला पाटावर बसवते, कपाळाला गंध लावते, पुरणपोळी, आमरस, भजी, कुरडया वाढते आणि समोर बसून आग्रह करते. निखाऱ्यावर ती तूप सोडते तेव्हा 'धुरामुळे तिच्या डोळ्यांत पाणी आलं', असं माझ्यात छापलेलं आहे. शेवटची वाक्यं तर लोकांना पाठ झाली होती. 'मी अर्धं ताट तसंच ठेवून उठलो. ज्या घरात दुःखच नाही, त्या घरचा घास माझ्या घशाखाली उतरेना.'

मी वाचनालयात आलो तेव्हा काय माझा थाट. अध्यक्ष शांतीलालशेठ हे धान्याचे व्यापारी, पण वाचनाचे शौकीन. त्यांनी मला सगळ्यांत आधी नेलं आणि परत देताना टेबलावर थाप मारून म्हणाले, "एका बैठकीत वाचलं. काय पकडलंय त्या बाईला." झालं, मग मला उसंतच नाही. आज कोणा मास्तरांकडे, उद्या कोणा वकिलाकडे. गाद्यांवर लोळलो, ओट्यांवर बसलो, माझ्यावर चहा सांडला, शेव सांडली, एका घरी तर मला कुलरच्या झडपेला टेकू म्हणून लावलं. लोक नावाजायचे. पण खरं सांगू, मला पूर्ण असं फार थोड्यांनी वाचलं. उघडायचे आणि सरळ सातव्या प्रकरणावर जायचे. इतके वेळा की माझी पाठ तिथे मोडली, आणि आता मला कसंही धरा, मी तिथेच उघडतो.

वाचून झालं की गप्पा. साप साप म्हणून भुई धोपटायला माणसाला काय लागतं? "अशा बायका असतात हो," असं बायकाही म्हणायच्या आणि पुरुषही. भिकुबाई कोणी पाहिली नव्हती. मला मात्र ती दर पानाला दिसायची, पाटासमोर बसलेली, हातात तुपाची वाटी घेतलेली. मला शंका यायची. ही बाई हसते आहे असं माझ्यात कुठेच लिहिलेलं नाही, मग हे सगळे तिला हसताना कसे पाहतात? पण पुस्तकाने शंका घेऊन करायचं काय? आपल्या पोटातलं एक अक्षर आपल्याला बदलता येत नाही. लिहिलं एकाने, छापलं दुसऱ्याने, आणि जळजळ माझ्या पोटात.

पुढे नवी पुस्तकं आली, लोकांच्या हातात मोबाईल आले आणि माझी सद्दी संपली. खालच्या खणात गेलो. धूळ बसली, कसर लागली, चार पानांना भोकं पडली. दुर्लक्ष झालं म्हणून मी रडलो नाही. उलट म्हटलं, बरं झालं, आता तरी त्या बाईचं नाव कोणाच्या तोंडी येणार नाही.

अशात वाचनालयात एक नवी मुलगी कामाला आली. नाव सुलक्षणा. काम चोख, बोलणं कमी. पुस्तकांवरची धूळ पुसत पुसत ती माझ्यापर्यंत आली, मला हातात घेतलं आणि मुखपृष्ठावरचं नाव दोनदा वाचलं. मी आपल्या सवयीने सातव्या प्रकरणावर उघडलो. तिने उभ्याउभ्या ते वाचलं, मला मिटलं आणि जाडजूड शब्दकोशांच्या मागे कोंबून टाकलं. कोणी मागितलं की शांतपणे म्हणायची, "बाहेर गेलंय." मी आतून सगळं ऐकत होतो. माझ्या बाजूने पहिल्यांदाच कोणीतरी खोटं बोलत होतं, पण का, ते मला उमगेना.

उमगलं ते हळूहळू. दुपारी वाचनालय रिकामं असलं की ती मला बाहेर काढायची आणि तेच पान वाचायची. ओठ आवळून, झोक्याच्या ओळीवर बोट ठेवून. एकदा तिच्या मामाचा बोदवडहून फोन आला. त्याच्याशी बोलताना ती म्हणाली, "मामा, मला आठवतो ना तो दिवस. मी झोक्यावर होते. घरात पुरणाचा वास होता. पुस्तकात लिहिलंय ते खोटं कसं म्हणू?"

मित्रांनो, माझ्यातली ती चार वर्षांची पोर म्हणजे हीच सुलक्षणा. भिकुबाईची लेक.

मग तर माझ्या जिवाला घोरच लागला. मायलेकी जळगावातच पिंप्राळ्याकडे एका खोलीत राहायच्या. नवऱ्यामागे भिकुबाईने दुसऱ्यांच्या शेतात निंदणी केली, कापूस वेचला, पोरीला धुळ्याच्या वसतिगृहात ठेवून शिकवलं, आणि तिथेच माझी एक प्रत पोरीच्या हाती पडली होती. आणि आता ती पोर आईशी कामापुरतं बोलत होती. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई बोदवडला भावाकडे जायची, पितरांची घागर तिथेच भरायची. सुलक्षणा काही ना काही निमित्त काढून मागे राहायची. मामा फोनवर म्हणत असावा, अगं एकदा आईला विचार. ती म्हणाली, "विचारलं आणि आई हो म्हणाली, तर?"

यंदा मात्र तिने ठरवूनच टाकलं होतं. धुळ्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी मिळत होती. आखाजीला आईला बोदवडला पोहोचवायचं, तिथेच कायमचं ठेवायचं आणि आपण एकटीने धुळ्याला जायचं. आईला अजून सांगितलं नव्हतं. आखाजी तर तोंडावर आली होती. शब्दकोशांच्या मागे मला घाम फुटायचा बाकी होता. एक घर मोडत होतं, आणि मोडणारी पहार माझ्याच पोटात होती.

तेवढ्यात रुची आली. रुची म्हणजे शांतीलालशेठांची नात, मराठी घेऊन एम. ए. करणारी. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला एका जुन्या पुस्तकावर चर्चा होते, पुस्तकाच्या लेखकाला बोलावतात. यंदा शेठजींनी माझं नाव सुचवलं आणि माझी समीक्षा करायचं काम नातीवर सोपवलं. सुलक्षणा नेहमीप्रमाणे "बाहेर गेलंय" म्हणाली. पण रुची पडली शेठजींची नात. ती कपाटं धुंडाळत सुटली आणि शब्दकोश हलवून तिने मला बाहेर काढलंच.

"इथे तर आहे, सुलक्षणाताई."

"असेल. चुकून मागे गेलं असेल," सुलक्षणा म्हणाली आणि नोंद करायला खाली वाकली.

रुचीने मला घरी नेलं. आजवर मी हजार हातांत फिरलो, पण असा वाचणारा हात मला मिळाला नव्हता. ती पेन्सिल घेऊन बसली. लेखकाने जे डोळ्यांनी पाहिलं त्याच्याखाली सरळ रेघ, आणि जे मनाने ठरवलं त्याच्याखाली नागमोडी. पहिल्या सहा प्रकरणांत सरळ रेघाच जास्त. सातव्याला आली आणि तिची पेन्सिल अडखळली. माठ पाहिला, सरळ रेघ. खरबूज पाहिलं, सरळ. गंध लावलं, सरळ. डोळ्यांत पाणी पाहिलं, सरळ. 'धुरामुळे' या शब्दाशी ती थांबली आणि मग त्याच्याखाली नागमोडी ओढली. मला पेन्सिलीच्या गुदगुल्या होत होत्या.

तिने ते प्रकरण आजीला, पानबाईंना, वाचून दाखवलं. पानबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा जैन धर्म, पितरांचं जेवण वगैरे त्यांच्या घरात नाही. पण त्या म्हणाल्या, "वाटेवरच्या माणसाला पाणी देतात, चहा देतात. पाटावर बसवून गंध कोण लावतं? यात काहीतरी आहे, बेटा. तुझा लेखक सांगत नाही, नाहीतर त्याला ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवशी रुची मला काखोटीला मारून वाचनालयात आली आणि थेट सुलक्षणाच्या टेबलाशी उभी राहिली.

"ताई, तुमचं गाव भडगावकडचं ना? मला एक सांगा. करंज्या तर दिवाळीला करतात. तुमच्याकडे भर उन्हाळ्यात कशा काय?"

सुलक्षणा पुस्तकांवर शिक्के मारत होती. मान वर न करता म्हणाली, "उन्हाळ्यात करंज्या नाही करत कोणी. सांजोऱ्या करतात. दिसायला तशाच असतात. आखाजीला, घागरीवर ठेवायला..."

आणि तिचा शिक्का हवेतच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग हिसकावून घ्यावं तसं मला घेतलं आणि पान काढलं. माठ, माठावर खरबूज, खरबुजाशेजारी दोन... ती तीच ओळ पुटपुटत पुन्हापुन्हा वाचू लागली. रुची घाबरली. "ताई, काय झालं? मी काही चुकीचं विचारलं का?"

"नाही," सुलक्षणा म्हणाली. "तू विचारलंस. मीच इतकी वर्षं विचारलं नाही." मग तिने रुचीला आपण कोण ते सांगून टाकलं, आणि संध्याकाळी मला पिशवीत घालून घरी नेलं.

लहानशी खोली, एका कोपऱ्यात गॅस, दुसऱ्या कोपऱ्यात आईचं अंथरूण. भिकुबाई भाकरी थापत होती. माझ्यातली भिकुबाई मी जन्मापासून ओळखत होतो. ही पहिल्यांदा पाहिली. वाळकी, उंच, हातांवर भेगा. सुलक्षणाने मला जमिनीवर ठेवलं. भिकुबाईला अक्षर येत नाही. तिने पिठाचं बोट माझ्या मुखपृष्ठाकडे केलं.

"हाई डेरगं शे ना? वर डांगर. कोनी काढं?"

डांगर म्हणजे आमच्याकडे खरबूज. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कोणी मुंडकं म्हणालं नाही.

डेरगं काय असतं ते खानदेशाबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे आलंच. त्या दिवशी पोरीबाळी झोक्यावर गाणी म्हणतात आणि घरोघर पितरांच्या नावाने घागर भरतात. पण ज्या घरातलं माणूस त्याच वर्षी गेलं असेल, तिथे त्याच्या नावाचं मातीचं डेरगं भरून पूजतात. वर खरबूज, सांजोऱ्या. निखाऱ्यावर तूप आणि नैवेद्य सोडतात, त्याला आगारी म्हणतात. आणि एका माणसाला पितर म्हणून जेवायला बसवतात. तो जेवला की गेलेलं माणूस जेवलं.

सुलक्षणाने विचारलं, "आई, बाबा गेल्यावर पहिल्या आखाजीला आपल्याकडे जेवायला कोण आलं होतं?"

भिकुबाईने तवा उतरवला. "कोनीच नही उनं. तेच तं दुख शे."

मग तिने सांगितलं. मारणारा भाऊबंद, मरणारा भाऊबंद. भाऊकी दोन्हीकडून फुटलेली. पितर म्हणून ज्याला ज्याला बोलावलं तो तो काहीतरी सबब सांगून मोकळा झाला. मगनच्या घराला वाईट कोण होणार? पुरण झालं, पोळ्या झाल्या, सूर्य डोक्यावर आला, आणि पाट रिकामा. डेरग्यासमोर बसून ती रडत होती. आणि दारात एक माणूस उभा राहिला. खांद्याला झोळी, अनोळखी, उन्हाने तापलेला.

"मना मन म्हने, याले तुना बापनीच धाडं," भिकुबाई म्हणाली. "मी त्याले पाटवर बसाडं. गंध लावं. म्हटलं, हाऊ जेवना म्हनजे तुना बाप जेवना."

"आणि झोका?"

"झोका शेजारना व्हता. तुले मीच धाडं. मनं रडनं पोरले दिसाले नको."

सुलक्षणाने माझ्याकडे हात नेला. पण भिकुबाईचं संपलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिला हे कोणी विचारलंच नव्हतं, आणि आता तिला थांबवत नव्हतं.

"पन तो अर्धा जेवना नी उठी गया. पानी बी नही पिना. तवयपासून इचार करस, काय कमी पडनं व्हतं? मीठ कमी व्हतं का? पोळी जाड झायी व्हती का? तुना बाप भुक्या गया, सुलू. मना हातथून भुक्या गया."

मग सुलक्षणाने मला उघडलं आणि सातवं प्रकरण आईला वाचून दाखवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता. मित्रांनो, त्या संध्याकाळी मला माझीच अक्षरं नकोशी झाली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. वाचून संपलं तेव्हा पोरगी हुंदके देत होती. आईने परातीतलं पीठ एका बाजूला सारलं. मग ती म्हणाली, "म्हनजे जेवन बरं व्हतं."

पोरीने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. धुळ्याची नोकरी, बोदवड, सगळं ती रडत रडत सांगत सुटली, आणि आई तिच्या केसांतून पिठाचा हात फिरवत राहिली.

वर्धापनदिनाला हॉल भरला होता. लेखक पुण्याहून आले होते, आता थकलेले, हातात काठी. शेठजींनी त्यांना शाल दिली, माझं भरभरून कौतुक केलं आणि रुचीला बोलावलं. रुचीने मला टेबलावर उभं धरलं. मी सवयीप्रमाणे सातव्या प्रकरणावर उघडलो.

"या पुस्तकाची नजर फार तीक्ष्ण आहे," ती म्हणाली. "लेखकांनी जे पाहिलं ते सगळं खरं आहे. म्हणूनच आज या पुस्तकातून आपल्याला सत्य सापडतं. लेखकांनी जे ठरवलं, ते मात्र त्यांनी पाहिलेलंच खोटं पाडतं." आणि तिने एकेक ओळ वाचून सांगितलं, हा माठ नव्हे, डेरगं. या करंज्या नव्हेत. ही उन्हाळ्यातली कुठलीही दुपार नव्हे. आणि हा पाट पाहुण्याचा नव्हे. हॉलमधले निम्मे लोक आखाजीला घागर भरणारे. त्यांनी मला कितीदा वाचलं होतं. आता एकमेकांकडे बघायचीही त्यांना चोरी झाली. शांतीलालशेठांनी चष्मा काढला आणि तो पुसतच बसले.

लेखकांचा चेहरा उतरला होता, पण माणूस सहजी हरत नाही. ते म्हणाले, "मी जे पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलं."

"हो सर. पण त्या बाईंना विचारलं नाहीत."

"कोणत्या बाईंना? त्या आता कुठे असतील कोण जाणे."

तेव्हा मागच्या रांगेतून सुलक्षणा उठली. "त्या इथेच आहेत," ती म्हणाली. "आणि झोक्यावरची पोर मी." तिने हात धरून आईला उभं केलं.

सगळ्या माना मागे वळल्या. मला वाटलं, आता ही बाई याला काय काय बोलेल. बोलली असती तर कोणी चूक म्हटलं नसतं. मला तर हवंच होतं, माझी इतक्या वर्षांची जळजळ होती. पण भिकुबाईने डोक्यावरचा पदर सावरला आणि एवढंच विचारलं, "भाऊ, जेवन बरं व्हतं ना?"

लेखक उभे राहिले. काठी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. "बरं होतं, अक्का," ते म्हणाले. "फार चांगलं होतं. मीच..." आणि त्यांनी अंगावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली.

"मंग यंदा या. आखाजी परवा शे. अर्धं राहेल शे, ते जेवी जा."

आणि ते आले, मित्रांनो. पुण्याला परत न जाता जळगावात थांबले आणि आखाजीच्या दुपारी पिंप्राळ्याच्या त्या खोलीत आले. बोदवडचा मामाही बहिणीकडेच आला होता. रुचीने मला सोबत आणलं होतं, मी फळीवर होतो. घागर भरलेली, तिच्यावर खरबूज, दोन सांजोऱ्या. सुलक्षणाने आईच्या शेजारी बसून पोळ्या लाटल्या. धुळ्याच्या नोकरीला तिने नकार कळवून टाकला होता. भिकुबाईने लेखकांना पाटावर बसवलं, गंध लावलं, निखाऱ्यावर तूप सोडलं. धूर झाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या खेपेला त्याचं कारण कोणी लिहून घेतलं नाही. लेखक मान खाली घालून जेवले. आमरसाची वाटी बोटाने पुसून घेतली, पाणी प्यायले आणि मगच उठले. भिकुबाईने रिकाम्या ताटाकडे पाहिलं, मग घागरीकडे वळून हात जोडले.

"जेवनात ना," ती हळूच म्हणाली. ती लेखकांशी बोलत नव्हती.

आता मी पुन्हा खिडकीजवळच्या कपाटात आहे. सुलक्षणा मला लपवत नाही. मागणाऱ्याला देते आणि सांगते, "सातवं प्रकरण वाचून झालं की मला येऊन भेटा." काही येतात, काही येत नाहीत. जे येत नाहीत त्यांच्या घरी माझी चुळबूळ अजून होते. तुम्ही मला न्याल तेव्हा पानं दुमडू नका, शेव खाताना वाचू नका, कुलरला तर अजिबात टेकू लावू नका. सातवंच नाही, सगळी प्रकरणं वाचा, आणि पेन्सिल जवळ ठेवा. आणि मित्रांनो, कोणाच्या घरी पाटावर बसलात, तर ताटातलं अर्धं टाकून उठू नका. ते कोणासाठी वाढलेलं आहे, आधी विचारा.